तुम्ही विचारलंत म्हणून: समीक्षकाला कादंबरी जमते का?

इंग्रजी शिकवतो असं कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. कधी एम.ए.ची मुलं विचारतात, कधी कार्यशाळेतला एखादा कवी, जरा खवचटपणे: "सर, इतकी समीक्षा वाचल्यावर स्वतःचं काही लिहावंसं वाटतं का हो?" ज्याला लिहिता येत नाही तो समीक्षक होतो, हा आपला जुना समज त्यामागे असतोच. तात्त्विक वादात मी शिरत नाही. डेव्हिड लॉज या इंग्रज कादंबरीकार-समीक्षकाबद्दल सांगतो.

लॉज १९३५चा, दक्षिण लंडनमधल्या साध्या कॅथलिक घरातला. वडील डान्स बँडमध्ये वाजवायचे. लंडनला शिक्षण, मग सक्तीची दोन वर्षं लष्करात, आणि १९६०पासून बर्मिंगहॅम विद्यापीठात इंग्रजीची नोकरी. पहिली कादंबरीही १९६०चीच. म्हणजे हा माणूस समीक्षेतून कादंबरीकडे वळला नाही, की कादंबरी फसली म्हणून समीक्षेकडे गेला नाही. १९८७मध्ये विद्यापीठ सोडेपर्यंत दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू होती. २०२५च्या पहिल्याच दिवशी तो गेला.

त्याच्या समीक्षेचा प्रश्न मला आवडतो. कादंबरी थोर की सामान्य, हे ठरवत बसण्यापेक्षा ती केली कशी आहे, हे तो बघतो. कोण सांगतंय, कुठे थांबतंय, काय मुद्दाम सांगत नाहीये. १९९१-९२मध्ये एका रविवारच्या वृत्तपत्रात त्याने असं सदर चालवलं: दर वेळी कुठल्यातरी कादंबरीतले एक-दोन उतारे आणि त्यातली एक युक्ती. त्याचंच पुढे 'द आर्ट ऑफ फिक्शन' झालं. असा प्रश्न विचारणाऱ्याला स्वतः लिहायला अडचण का यावी?

अडचण आलीही, पण तिचंच त्याने पुस्तक केलं. 'द ब्रिटिश म्युझियम इज फॉलिंग डाउन' (१९६५) ही एका दिवसाची गोष्ट. प्रबंध लिहिणारा तरुण, पदरी तीन मुलं, चर्चला गर्भनिरोधक चालत नाहीत आणि बायकोला चौथ्याची धास्ती. डोक्यात इतक्या कादंबऱ्या कोंबलेल्या की त्याचा दिवस कधी काफ्काच्या शैलीत सरकतो, कधी हेन्री जेम्सच्या, आणि शेवटी बायकोचं मनोगत जॉइसच्या धाटणीने येतं. गंमत म्हणजे ही सगळी विडंबनं तेव्हा फारच थोड्या परीक्षकांच्या लक्षात आली. समीक्षकाच्या कादंबरीला समीक्षकांनीच असं वाचावं!

पुढे १९६९मध्ये तो अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेला, ऐन विद्यार्थी आंदोलनाच्या दिवसांत. त्यातून 'चेंजिंग प्लेसेस' (१९७५) आली. एक बुजरा इंग्रज प्राध्यापक आणि मॉरिस झॅप हा अमेरिकन दांडगेश्वर सहा महिन्यांसाठी नोकऱ्यांची अदलाबदल करतात, आणि हळूहळू बायकांचीही. जेन ऑस्टिनवर इतकं परिपूर्ण लिहायचं की तिच्याविषयी बोलायला पुन्हा कुणाला काही उरूच नये, ही झॅपची महत्त्वाकांक्षा. याच कादंबरीत तो प्रसिद्ध खेळ आहे: आपण न वाचलेलं पुस्तक सांगायचं, आणि बाकीच्यांपैकी जितक्यांनी ते वाचलंय तितके गुण आपले. जिंकायच्या ईर्ष्येने एक प्राध्यापक 'हॅम्लेट' म्हणतो. खेळ जिंकतो आणि नोकरी गमावतो. आपल्याकडच्या साहित्यिक बैठकीत हा खेळ रंगायचा नाही, कारण तिथे सगळ्यांनी सगळं वाचलेलं असतं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाइस वर्क' (१९८८) आहे. रॉबिन पेनरोज ही एकोणिसाव्या शतकातल्या औद्योगिक कादंबऱ्यांची तज्ज्ञ. कारखाना मात्र तिने आतून कधी पाहिलेला नाही. सरकारी योजनेत तिला दर बुधवारी व्हिक विल्कॉक्स या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मॅनेजिंग डायरेक्टरच्या मागे मागे फिरायला पाठवतात. ती उत्तर-संरचनावादी, 'व्यक्ती', 'स्व' असं काही नसतंच, असं मानणारी. तिची ओळख करून देताना निवेदक तक्रार करतो, की ही माझी पात्र, आणि पात्र या कल्पनेवरच हिचा विश्वास नाही, आता मी काय करू?

गाडीतून जाताना दोघांना सिल्क कट सिगारेटचं पोस्टर दिसतं: जांभळं रेशीम आणि त्याला गेलेला एक चिरा. रॉबिन त्याचा अर्थ उलगडते. ते रूपक आहे, त्यात स्त्रीचं शरीर आहे, हिंसा आहे. व्हिक वैतागतो. त्याच्या लेखी ती सिगारेटची जाहिरात आहे, बस्स. मग मार्लबोरो सिगारेटच्या जाहिरातीतल्या घोडेस्वाराचा विषय निघतो. तिथे रूपक नाही, नुसतं साहचर्य: सिगारेट घ्या, मोकळ्या माळावरचं आयुष्य आपोआप मिळेल. आता हे रूपक आणि साहचर्याचं शास्त्र कुठलं? भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनचा हा भेद घेऊन लॉजने स्वतः १९७७मध्ये आख्खा समीक्षाग्रंथ लिहिला होता. तेच त्याने आपल्या नायिकेच्या तोंडी घातलं आणि एका इंजिनिअरला त्याच्याशी भांडायला लावलं. आणि जिंकू कुणालाच दिलं नाही. व्हिक हट्टी आहे, पण मूर्ख नाही. रॉबिन पोस्टरबद्दल बरोबर असेल, पण फाउंड्रीतल्या डॅनी राम या आशियाई कामगाराला, त्याला काढायचं घाटतंय म्हणून, ती भाबडेपणाने सावध करायला जाते, तेव्हा संपाची वेळ येते. समीक्षाग्रंथात लेखकाला एक बाजू धरून चालावं लागतं. तोच विचार कादंबरीत आला की समोरचा माणूस उलट बोलू शकतो. लॉजला दोन्ही लिहावंसं वाटलं ते यासाठी, असं मला वाटतं.

त्याचे नंतरचे दिवस थोडक्यात. ऐकू येणं कमी होत गेलं, लवकर निवृत्त होण्यामागे तेही एक कारण होतं. त्या बहिरेपणावर 'डेफ सेंटेन्स' (२००८) आहे. त्यातले म्हातारे वडील वाचताना हसू येतं आणि लगेच आवरावं लागतं. २००४मध्ये त्याने हेन्री जेम्सवर कादंबरी काढली, तर काही महिने आधीच आयरिश लेखक कोल्म टोइबिनची जेम्सवरची कादंबरी येऊन गाजलेली. लॉज दुखावला, आणि मग दुसरं कुणी केलं नसतं ते केलं: या योगायोगावर, त्यात वाटलेल्या हेव्यासकट, एक दीर्घ निबंध लिहिला.

सगळंच चांगलं आहे असं नाही. 'स्मॉल वर्ल्ड' (१९८४) परिसंवादांसाठी जगभर विमानाने फिरणाऱ्या प्राध्यापकांवर आहे. ज्यांनी असे परिसंवाद भोगलेत त्यांना ती जास्त आवडते, इतरांना लांबते. म्हणून तिच्यापासून सुरुवात करू नका. 'नाइस वर्क' घ्या. आणि ती संपवल्याशिवाय त्याच्या समीक्षेला हात लावू नका. वर्गातल्या मुलांनाही मी याच क्रमाने देतो.