टाकीचा पट्टा बकलात नीट ओवण्याविषयी

ठाण्यात राहून तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगची (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याची) तयारी करायची, तर ती आधी तरणतलावाच्या काठावरच होते, आणि त्या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे हवेची टाकी पाणबुड्याच्या अंगातील जॅकेटला धरून ठेवणारा पट्टा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा पट्टा बहुधा नायलॉनचा असतो आणि भिजल्यावर थोडा सैलावतो. म्हणून तो आधी पाण्यात भिजवावा आणि मगच ओढून घट्ट करावा. बकलाला सहसा तीन फटी असतात. पहिल्या दोन फटींतून पट्टा वर-खाली ओवून घ्यायचा, बकल अर्धवट उघडे ठेवून शक्य तितका ताण द्यायचा, तो ताण न सोडता पट्ट्याचे टोक बकलाच्या कडेच्या शेवटच्या फटीतून काढायचे आणि मग बकल उलटवून टाकीवर दाबून बसवायचे. शेवटची फट वगळली, तरी पट्टा वरवर घट्टच वाटतो, आणि म्हणूनच ही चूक अधिक धोक्याची आहे. काही बनावटींत क्रम वेगळा असतो. तेव्हा उत्पादकाची आकृती पाहावीच.

टाकीच्या झडपेचे हवेचे तोंड पाणबुड्याच्या पाठीकडे असावे. त्यानंतर जॅकेट वरच्या मुठीने उचलून जोरात हलवावे. टाकी तसूभरही सरकली, तर पट्टा सोडून पुन्हा ओवावा. सोबत्याचा पट्टाही याच रीतीने तपासावा, कारण पाठीवरची टाकी स्वतःला दिसत नाही.