तिसऱ्याचं नाव काढलं की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोंड्याच्या बाजारात पालक भेटले की हा प्रश्न ठरलेला: "टीचर, मुलांना 'एरागॉन' वाचा म्हणता, 'एल्डेस्ट' वाचा म्हणता, मग तिसऱ्याचं नाव काढलं की तोंड वाकडं का करता?"

तिसरं म्हणजे 'ब्रिसिंगर', एरागॉन नावाच्या तरुण ड्रॅगनस्वाराच्या इंग्रजी कादंबरीमालिकेतलं. सप्टेंबर 2008 मध्ये आलं, चतुर्थीची माटोळी उतरून थोडेच दिवस झाले होते. आमच्या घोळक्यात एकच प्रत होती, ती पणजी-फोंडा बसमधून हातोहात फिरली. पहिलं पुस्तक ख्रिस्तोफर पाओलिनीने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं. त्यातली इतर कथांची उसनवारी आम्ही केव्हाच पोटात घातली होती. कारण 'एल्डेस्ट'चा शेवट. मर्टाग हा जुना सोबती एरागॉनला हरवतो, त्याची तलवार काढून घेतो आणि वर सांगतो, आपण भाऊ, आपला बाप मॉर्झान. म्हणजे ड्रॅगनस्वारांशी फितुरी करणाऱ्यांतला पहिला! फितुराचा पोर आता कोणत्या तोंडाने लढणार, यावर आम्ही तीन वर्षं भांडलो.

आणि 'ब्रिसिंगर'मध्ये कळतं की आई तीच, पण बाप मॉर्झान नव्हे. बाप ब्रॉम. तोच भला, शहाणा, पहिल्या पुस्तकात एरागॉनसाठी जीव देणारा ब्रॉम. कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो तेव्हा कर्णाची वाट आणखी अवघड होते. एरागॉनची सोपी झाली. जो प्रश्न घेऊन आम्ही इतके दिवस बसलो होतो, तो लेखकाने अलगद उचलून बाजूला ठेवला. लांबणीचं मी एक वेळ सोडून देईन, पण याचा राग अजून जात नाही.

लांबणीचं कारण मात्र साधं आहे. मुळात तीनच पुस्तकं व्हायची होती. शेवटचं आवरेना, म्हणून 2007 मध्ये पाओलिनीने जाहीर केलं की चार होतील. चौथं, 'इनहेरिटन्स', 2011 मध्ये आलं. म्हणजे 'ब्रिसिंगर' हा शेवटाचा अर्धा तुकडा, आणि तोच साडेसातशेच्या आसपास पानांचा. जत्रेतल्या संगीत नाटकात प्रत्येक हौशी नटाला एक तरी पद द्यावंच लागतं, नाहीतर त्याच्या वाड्यावरचे रुसतात. तसं इथे झालंय. एरागॉनचा मामेभाऊ रोरान, त्याचं लग्न, त्याला फटके, बंडखोरांची पुढारी नासुआदा, तिची हातावर सुरी चालवायची परीक्षा, ड्वार्फांच्या तेरा कुळांची राजा निवडायची खलबतं. जुलमी राजा गॅलबटोरिक्स, ज्याच्याविरुद्ध हे सगळं चाललंय, तो तिसऱ्या पुस्तकातही समोर येत नाही. शेवटी मर्टागच्या तोंडून बोलतो, तेवढाच.

चांगलं काहीच नाही असं नव्हे. तलवार घडवायचं प्रकरण मी अजून वर्गात वाचून दाखवते. ऱ्हुनोन या एल्फ लोहारणीने पुन्हा तलवार घडवणार नाही अशी शपथ घेतलेली असते. मग ती एरागॉनच्या मनात शिरते आणि त्याच्या हातांकडून घण चालवून घेते. शपथही राहते, तलवारही होते. असली पळवाट मुलांना फार आवडते. (पालकांनाही आवडते, पण ते कबूल करत नाहीत.) 'एल्डुनारी'ची, म्हणजे ड्रॅगनचं मन ज्यात शरीराबाहेरही उरतं त्या रत्नासारख्या गाभ्याची, कल्पनाही सुंदर, आणि चौथं पुस्तक तर तिच्यावरच उभं आहे. म्हणून तिसरं गाळा असं मी म्हणत नाही. विकत घेऊ नका, लायब्ररीतून आणा, कंटाळा आला की पानं उलटा, आणि मुलाला पूर्ण वाचायची सक्ती करू नका. 2023 मध्ये 'मर्टाग' हे वेगळं पुस्तक आलंय, ते आधी हवं म्हणून हट्ट धरला तर मात्र ऐकू नका.

माझं मत सगळ्यांना पटतं असंही नाही. मागे एका विद्यार्थिनीने ठणकावून सांगितलं की तिला ड्वार्फांची निवडणूकच सगळ्यात जास्त आवडली, तीही एक पान न गाळता. तिचे वडील पंचायतीला उभे होते त्या वर्षी.