डायलिसिसवर प्रोटीन पावडर घेताय? डबा आधी मागून वाचा

डायलिसिस सुरू होण्याआधी किडनीच्या पेशंटला सतत एकच गोष्ट बजावलेली असते: प्रोटीन कमी खा. तेव्हा ते योग्यच असतं. डायलिसिस सुरू झालं की हा हिशोब उलटतो, पण घरातला जुना तक्ता तसाच भिंतीवर राहतो. पेशंट अंडं बाजूला सारत राहतो, दंड आणि मांड्या वाळत जातात, आणि सगळे म्हणतात की आजारामुळे उतरलाय. बऱ्याचदा तो उपासमारीने उतरलेला असतो.

हीमोडायलिसिसच्या, म्हणजे मशीनने रक्त गाळण्याच्या, एका सत्रात साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) फिल्टरमधून निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रोटीन बाहेर काढलेल्या पाण्यातून जातं, आणि पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) झाला तर त्याहून जास्त. म्हणून डायलिसिसवर दर किलोमागे रोज १.० ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. किलो धरायचे ते ड्राय वेटचे, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरच्या वजनाचे, पाणी चढलेल्या अंगाचे नाही. ड्राय वेट ६० किलो असेल तर ६० ते ७२ ग्रॅम. सलग तीन दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहा, त्यात एक दिवस डायलिसिसचा हवाच, कारण त्या दिवशी जेवण हमखास बुडतं. सरासरी ४५ ग्रॅम निघाली तर तूट १५ ते २७ ग्रॅमची. पावडर फक्त ही तूट भरायला आहे, जेवणाच्या जागी नाही.

कॅलरीही मोजा: दर किलो २५ ते ३५, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते २१००. त्या कमी पडल्या तर शरीर प्रोटीनच इंधन म्हणून जाळतं आणि पावडर वाया जाते. भूकच नसेल तर नुसत्या व्हे प्रोटीनपेक्षा (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) किडनीसाठी बनवलेलं, कॅलरी असलेलं पेय बरं. जेवण ठीक आणि फक्त प्रोटीन कमी असेल तर साधं व्हे आयसोलेट (गाळून जवळपास नुसतं प्रोटीन ठेवलेलं व्हे) चालू शकतं, मात्र त्यात क्रिएटिन, जास्तीची खनिजं किंवा व्हिटॅमिन ए मिसळलेलं नको. व्हिटॅमिन ए डायलिसिसने निघत नाही, ते साठत जातं. आणि कोलॅजन पावडरवर विसंबू नका, तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक दुकानातच होते. ‘किडनीसाठी’ लिहिलेले डबे दोन प्रकारचे असतात. एक डायलिसिसआधीच्या पेशंटसाठी, त्यात प्रोटीन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. दुसरा डायलिसिसवरच्यांसाठी, जास्त प्रोटीनचा. पुढून दोन्ही सारखेच दिसतात. चुकून पहिला आणला तर महिनोन्महिने पावडर घेऊनही तूट तशीच राहते.

किडनी काम करत नसली की फॉस्फरस रक्तात साठतं, म्हणून आता डबा उलटा करा आणि एका स्कूपमधलं फॉस्फरस, मिलिग्रॅममध्ये, त्याच स्कूपमधल्या प्रोटीनच्या ग्रॅमने भागा. १५ ग्रॅम प्रोटीनला १५० मिलिग्रॅम फॉस्फरस असेल तर उत्तर १०, हे चांगलं. ३०० असेल तर २०, तो डबा परत ठेवा. अंड्याच्या एका पांढऱ्या भागात साधारण ३.६ ग्रॅम प्रोटीन आणि जेमतेम ५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं, भागाकार दीडच्याही खाली. या कसोटीवर पांढऱ्याला तोड नाही. नीट शिजवलेला मात्र हवा. दुधाचा भागाकार पंचविशीच्या पुढे जातो, म्हणून पावडर दुधात कालवली की चांगल्या पावडरचा फायदा तिथेच संपतो. फॉस्फरसचा आकडाच छापलेला नसेल तर घटकांची यादी वाचा. ‘फॉस्फेट’ हा शब्द कुठल्याही रूपात दिसला तर सावध व्हा: असं बाहेरून घातलेलं फॉस्फेट ९० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, तर डाळी-कडधान्यांतलं बरंच कमी. पोटॅशियमही त्याच वेळी बघून घ्या.

कालवताना आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात पावडरची गुठळीविरहित पेस्ट करा, मग गार पाणी घालून सगळं मिळून १०० मिलीच्या आसपास ठेवा. उकळतं पाणी घातलं तर व्हेच्या गाठी होतात. हे १०० मिली दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात धरायचेच. गार प्यायलं की वासाचा त्रास कमी होतो.

जेवणाआधी पिऊ नका, होती ती भूकही जाते. जेवणानंतर तासाभराने किंवा झोपताना घ्या; झोपतानाच्या पेयाने रात्रीचा लांब उपास तुटतो. डायलिसिस चालू असताना घ्यायचं तर पहिल्या तासात, पाठ टेकून ताठ बसून. ज्यांचं बीपी मशीनवर पडतं त्यांनी तिथे पिऊच नये: अन्न पोटात गेलं की रक्त आतड्यांकडे वळतं आणि बीपी आणखी खाली जातं. डॉक्टरांनी फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबर दिली असेल तर पेयाबरोबर ती कशी घ्यायची हे विचारून घ्या. ही गोळी अन्नातल्या फॉस्फरसला पोटातच पकडते. दोन तासांनी घेतली तर पकडायला काही उरलेलं नसतं.

निदान तीन महिने द्या. दर महिन्याला रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम तपासा, सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन. अल्ब्युमिन वाढत नाही म्हणून स्कूप वाढवत बसू नका. कॅथेटरचा (डायलिसिससाठी बसवलेल्या नळीचा) किंवा हिरड्यांचा संसर्ग, शरीरातला कुठलाही दाह, अंगातलं जास्तीचं पाणी, यांनीही ते खालीच राहतं, आणि त्यावर पावडर हा इलाज नाही. रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल आवरणारा घटक) २२ च्या खाली असेल तरी स्नायू झिजत राहतात. तोंडाला सतत धातूसारखी चव आणि मळमळ असेल तर डायलिसिस पुरेसं होतंय का, हे आधी बघायला हवं.

वजनाच्या काट्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. मांस उतरतं, त्या जागी पाणी भरतं आणि काटा हलतही नाही. मग आडवं झाल्यावर धाप लागते. उलटंही होतं. पावडर लागू पडून खरंच अंग भरायला लागलं आणि मशीनवर जुन्याच ड्राय वेटपर्यंत पाणी ओढत राहिले, तर पायात गोळे येतात आणि बीपी कोसळतं. भूक सुधारली, जेवण वाढलं की टेक्निशियनला त्याच आठवड्यात सांगा आणि डॉक्टरांकडून ड्राय वेट नव्याने ठरवून घ्या.