शॅडोचे ब्रेक: दोन नंबरचा अॅक्युम्युलेटर झाला, लेव्हलिंग बाकी

पावसाळ्याआधी माझ्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोचे ब्रेक हातावेगळे करायचे ठरवलं होतं, ते बऱ्यापैकी झालं. गाडी १९७२ची, ६,७५० सीसी व्ही-८.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिला ब्रेकचं पेडल हलकं करणारा, आपल्या ओळखीचा व्हॅक्यूम बूस्टर नाही. कॅमशाफ्टवर चालणारे दोन छोटे पंप नायट्रोजन भरलेल्या दोन गोल अॅक्युम्युलेटरमध्ये दाब साठवतात, तोही थेट २,५०० पीएसआयच्या घरात. मूळ तंत्र सित्रोएन या फ्रेंच कार कंपनीचं, लायसन्सवर घेतलेलं. आतला रबरी पडदा गेला किंवा गॅस उतरला की साठा संपला. तपासायला गेजही लागत नाही. दाब भरू द्यायचा, इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवायचं आणि डॅशवरचा दिवा लागेपर्यंत पेडल दाबत राहायचं. माझा एक नंबरचा अॅक्युम्युलेटर वीसहून जास्त वेळा पेडल दाबलं तरी टिकतो. दोन नंबर चार-पाचातच मान टाकायचा. पडदा बदलून गॅस भरल्यावर आता तोही पहिल्याच्या जोडीला आलाय.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र हट्ट धरा. शॅडोला आरआर ३६३च. साधं डॉट ४ चालतं असं गॅरेजवाले छातीठोकपणे सांगतात, पण त्याने पंपांना पुरेसं वंगण मिळत नाही. १९८०नंतरच्या सिल्व्हर स्पिरिट मॉडेलचं मिनरल ऑइल चुकून जरी पडलं, तर सगळे सील फुगून बाद. शिवाय ३६३ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर बदलायला टाळाटाळ नको.

रविवारी पहाटे जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. दोन टनांहून जड गाडी खंडाळ्याच्या उतारावर पायाच्या नुसत्या वजनाने थांबते, आणि स्टिअरिंग एका बोटावर. पेट्रोलचा हिशेब विचारू नका.

पन्नाशी उलटल्यामुळे २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज गाडी म्हणून नोंदणी करता येईल, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण मग रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. उभी राहिली की हिचे सील आधी सुकतात, त्यामुळे मी तरी तूर्तास साधीच नोंदणी ठेवणार.

पुढचं काम मागच्या लेव्हलिंगचं, म्हणजे वजन पडलं तरी गाडीची मागची उंची आपोआप राखणाऱ्या यंत्रणेचं. डिकीत सामान टाकलं की गाडी बसते ती उठतच नाही. हाइट कंट्रोल व्हॉल्व्ह कुणी घरी उघडलाय का? सील किट मागवण्याआधी कळलं तर बरं.