स्वॅप चालू, तरीही सापडत नाही

परभणीतील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जिंतूर तालुक्यातील एक शिक्षक आपला उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा जुना लॅपटॉप घेऊन आले. बॅटरी थकलेली, गावात विजेचा भरवसा नाही, आणि झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सस्पेंडमध्ये (मेमरी जागी ठेवणाऱ्या झोपेत) रात्रभर थोडी थोडी वीज खात असल्याने सकाळी न साठवलेले काम गेलेले असे. हायबरनेटमध्ये मेमरीतील मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. ही सोय त्यांना एका ओळखीच्याने करून दिली होती. परंतु रॅम ४ वरून ८ जीबी केल्यापासून ती चालेनाशी झाली होती.

हायबरनेटची आज्ञा दिली की पडदा काळा होई आणि लगेच पुन्हा पासवर्ड विचारला जाई. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत स्वॅप डिव्हाइस (मेमरीतील मजकूर ठेवायची डिस्कवरील जागा) सापडत नसल्याची तक्रार होती, तर चालू स्वॅप दाखवणाऱ्या स्वॅपऑन आज्ञेच्या यादीत १० जीबीची स्वॅप फाइल व्यवस्थित चालू दिसत होती. "सर, यादीत तर दिसतंय, मग सापडंना कसं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

उत्तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमधील ओळीत होते. स्वॅपसाठी डिस्कचा स्वतंत्र भाग (पार्टिशन) असेल तर त्याची ओळख पुरते; फाइल असेल तर ती ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) ‘रिझ्यूम’मध्ये आणि ती तेथे कितव्या ब्लॉकपासून सुरू होते तो आकडा ‘रिझ्यूम_ऑफसेट’मध्ये द्यावा लागतो, कारण फाइलसिस्टिम माउंट होण्यापूर्वीच, म्हणजे फाइली नावाने उघडता येण्याआधीच, कर्नलला मेमरीची साठवलेली प्रतिमा शोधायची असते. रॅम वाढवल्यावर कोणीतरी जुनी फाइल पुसून मोठी केली होती. नाव तेच राहिले, जागा मात्र बदलली, आणि ग्रबमध्ये आकडा जुनाच राहिला. (रॅमच्या दुप्पट स्वॅप हवीच हा ठोकताळाही मला पटत नाही, कर्नल मुळात प्रतिमा रॅमच्या सुमारे दोन पंचमांश भागात बसवण्याचा प्रयत्न करतो.)

फाइल डिस्कवर कोठे आहे ते सांगणाऱ्या फाइलफ्रॅग आज्ञेने दाखवलेल्या पहिल्या ओळीतील फिजिकल ऑफसेटचा आरंभीचा आकडा ग्रबमध्ये घातला, अपडेट-ग्रब चालवले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. मग लिब्रेऑफिसमध्ये एक वाक्य अर्धवट टाइप करून हायबरनेट केले, चार्जर काढला, बॅटरीही बाहेर काढून टेबलावर ठेवली. परत जोडून बटण दाबल्यावर कर्सर त्याच अर्धवट शब्दापुढे लुकलुकत होता.

शाळेतील संगणकांवरही हेच करून द्याल का, असे त्यांनी विचारले. तेथे सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सुरक्षा सोय) चालू असल्याने कर्नल हायबरनेशनला परवानगीच देत नाही. ते बंद करायचे का, हे मुख्याध्यापकांना विचारून कळवा, असे मी त्यांना सांगितले.