रसवंतीचा बर्फ

मे महिना, सांगलीतली दुपार. आमच्या कॉलेजच्या लॅबला जनरेटर होता, पण कागदावरच. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला. स्वतःचं नवं पेनिसिलिन करण्याआधी हात बसावा म्हणून सरांनी 1960 सालचं जुनं पेनिसिलिन, मेथिसिलिन, करायला दिलं होतं.

6-एपीए म्हणजे बिनशेपटीचं पेनिसिलिन, बाजूची साखळी नसलेला नुसता गाभा. 1957 साली इंग्लंडात बीचम कंपनीच्या लोकांना ते हाती लागलं आणि हवं ते शेपूट जोडायची सोय झाली. मीही ते सोड्याच्या पाण्यात विरघळवून, बर्फात ठेवून शेपूट जोडणारं ॲसिड क्लोराइड थेंब थेंब सोडलं. इथवर काही बिघडत नाही. गोम पुढं आहे. माल पाण्यातून काढायला आम्ल घालून पीएच 2 वर आणून इथाइल ॲसिटेट या द्रावकात ओढावा लागतो, आणि पेनिसिलिनच्या गाभ्यातल्या बीटा-लॅक्टम या चार अणूंच्या ताणलेल्या कड्याला आम्ल सोसत नाही. मेथिसिलिन तर त्यात फारच नाजूक. थंडगार ठेवून पटापट उरकायचं.

मी आम्ल घातलं आणि लाईट गेली. बादलीत बर्फाचं नुसतं पाणी उरलेलं. फनेलमध्ये इमल्शन झालं, म्हणजे पाणी आणि द्रावक एकमेकांत घुसळून बसले, मधला पांढरा थर काही केल्या फुटेना. ‘आता फुटेल, मग फुटेल’ करत पाऊण तास गेला.

लाईट नाही म्हणजे आयआर, रेणूतले बंध ओळखायचं इन्फ्रारेड यंत्र, नाही. सर म्हणाले, "आयोडीन लावून बघ की."

शाबूत पेनिसिलिन आयोडीनच्या वाटेला जात नाही, कडं फुटलेलं मात्र पिऊन टाकतं. परीक्षानळीत बफर, माझ्या मालाचे चार थेंब, वर आयोडीनचा एक. पिवळा रंग पसरला आणि बघता बघता विरला. दुसरा थेंब, तोही गेला. तिसराही.

"अजून किती पाजणार आहेस?" सर म्हणाले.

लॅबचे मामा दारात उभे होते. "बर्फच पायजे न्हवं?" म्हणत सायकलवर गेले आणि रसवंतीवरनं गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन आले, भुशासकट. हातोडीनं फोडली. उरलेल्या 6-एपीएवर निम्म्या मापात पुन्हा लागलो. या खेपेला इमल्शन मोडायला मिठाचं पाणी आधीच गार करून ठेवलं होतं, थर लगेच सुटे झाले.

आयोडीनचा थेंब टाकला. पिवळा तो पिवळाच राहिला. रात्री लाईट आल्यावर आयआरमध्ये 1770 सेमी⁻¹ च्या आसपास कड्याची खूण स्वच्छ दिसली.

बर्फाचं बिल मात्र अकाउंट सेक्शननं परत पाठवलं. रसवंतीवाल्याकडं जीएसटी नंबर नव्हता.