न आलेली बोट

डिसेंबरच्या १ तारखेला पहाटे सावंतवाडीहून आम्ही निघालो. पुढे खुरीस, म्हणजे क्रूस, मागे चाळीसेक माणसं. ३ तारखेला, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) जुन्या गोव्यात पोचायचं. आमच्या घरी याला वारीच म्हणतात.

मी पहिल्यांदाच चालत होतो, आणि मागणं घेऊन चालत होतो. गेल्या वर्षी बोटीवरच्या नोकरीची सगळी तयारी झाली होती. कोर्स झाला, त्यासाठी कर्ज झालं. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि ठिपक्यांत लपलेला आकडा मला दिसेना. लाल आणि हिरवा मला नीट वेगळे ओळखता येत नाहीत, हे चोविसाव्या वर्षी कळलं. डेकवर हे चालत नाही. जहाजाच्या डाव्या कडेला लाल दिवा, उजव्या कडेला हिरवा. रात्री समोरची बोट कुठे निघालीय ते त्यावरूनच कळतं. नियम योग्यच आहे. तरी वर्षभर मी देवाशी धड बोललो नाही. मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, जायचो, पण 'आमच्या बापा' प्रार्थनेत 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की ओठ मिटून घ्यायचो. फेस्ताला जुन्या गोव्यात मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात. ज्याचं जे दुखतं, ते तो वाहतो. मी डोळे वाहणार होतो.

बांदा, पत्रादेवी, पेडणे, धारगळ. हायवे रुंद झाल्यापासून रस्त्याला सावली राहिलेली नाही. डिसेंबरातलं ऊनसुद्धा डांबरावरून अंगावर येतं. दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या पुलावर आमच्या शेजारची मावशी लंगडू लागली. टाचेला मोठा फोड आला होता. म्हापशाला सगळ्यांनी ठरवलं, की रात्रभर चालून फेस्ताच्या मुख्य मिस्सेला पोचायचं. मावशीबरोबर मागे कोणी राहायचं? सगळ्यांत तरुण मी. जुन्या गोव्यात शिरताना खुरीस माझ्या खांद्यावर असणार, असं आधीच ठरलं होतं. तो दुसऱ्याकडे गेला. मला फार लागलं ते.

"तू जा फुडे. मी येतंय मागसून," मावशी म्हणाली. गाडीत बसायला मात्र ती तयार नव्हती.

मग आम्ही दोघंच. शंभर पावलं चालायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. तिच्या हातात तेर्साची, जपाची माळ. पर्वरीच्या चढावर मी तिला विचारलं, इतकी वर्षं चालतेस, काय मागतेस?

"मागूक नाय रे. मी भेटूक येतंय."

मी गप्प झालो. फादरांनी नोव्हेनात, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, सांगितलेलं मनात घोळायला लागलं. हिंदुस्थानात खरं तर फ्रान्सिस झेवियर यायचेच नव्हते. १५४० मध्ये नाव ठरलं होतं त्यांच्या सोबत्याचं, बोबादिल्यांचं. ते तापाने आजारी पडले आणि जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी ऐनवेळी झेवियरना पाठवलं. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडलं. गोव्यात उतरले ६ मे १५४२ ला. म्हणजे आपण ज्याला आपला सायब म्हणतो, तो दुसऱ्याच्या जागी आला. आणि शेवटी? चीनमध्ये जायची एवढी ओढ, पण सांचियान बेटावर अडकले. मुख्य भूमी तिथून जवळच. चोरून पलीकडे न्यायचं एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केलं होतं. झेवियर वाट बघत राहिले, तापाने खंगले आणि ३ डिसेंबर १५५२ ला तिथेच गेले. बोट आलीच नाही.

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण फेस्त ज्या तारखेला करतो ती तारीख त्या न आलेल्या बोटीची आहे, हे पर्वरीच्या चढावर पहिल्यांदा जाणवलं.

मांडवीच्या पुलावर आलो तेव्हा अजून अंधार होता. खाली पाण्यावर दिवे हलत होते. त्यातला लाल कुठला, हिरवा कुठला, मी बराच वेळ बघत राहिलो. कळलं नाही. मावशी कठड्याला टेकून 'आमच्या बापा' म्हणत होती. तिच्या मागून मीही म्हणू लागलो. या वेळी त्या ओळीला ओठ मिटले नाहीत. रडू मात्र आलं, आणि ते मी लपवलं नाही.

रायबंदरच्या बांधावर उजाडलं. १६३० च्या दशकातला हा बांध सुमारे ३ किलोमीटर सरळ जातो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि बगळे. मावशीचा हात माझ्या खांद्यावर होता, जिथे खुरीस असायचा तिथेच.

पोचलो तेव्हा मुख्य मिस्सा संपून माणसं बाहेर पडत होती. खाजं, चणे, मेणबत्त्यांची दुकानं भरलेली. मेणाच्या डोळ्यांसमोर मी थांबलो. मग दोन साध्या मेणबत्त्या घेतल्या, एक तिला, एक मला.

बॉम जेझू चर्चच्या तांबड्या चिऱ्याच्या भिंतीला धरून रांग सरकत होती. आत, संगमरवरी चौथऱ्यावर उंच, सायबाचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी. मावशीने चप्पल काढली, दुखरा पाय जरा उचलून धरला आणि वर बघत म्हणाली, "इलंय रे सायबा."

मीही तेवढंच म्हटलं.